अडुसष्ट नंबरच्या दोघी

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. (डाव्या गुडघ्याची हल्ली साष्टांगाला परवानगी नसते, तेव्हा हा नमस्कार कमरेपर्यंतच पोचलाय असं समज.) तुझी पाठ कशी आहे? चष्म्यांचं दुकान कसं चाललंय? आणि मुख्य म्हणजे वहिनीचा राग आज कुठपर्यंत चढलाय? मी मजेत आहे. मजेत कसली, मी कालपासून नुसती उड्या मारतेय! दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र कसलं लिहितेस, असं तू म्हणशील. पण तुला फोन करावा तर तिसऱ्या मिनिटाला गिऱ्हाईक येतं (तुझ्या दुकानात माझा फोन लागल्याशिवाय गिऱ्हाईक येतच नाही की काय कोण जाणे), आणि घरी यावं तर वहिनी मला चहा देते पण कप असा आपटून ठेवते की अर्धा चहा बशीत. म्हणून हा कागदाचा मार्ग. महत्त्वाचं काही सांगायचं तर ते लिहून सांगायचं, ही आमच्या बोर्डिंगची शिकवण आहे.

तर मुद्दा असा. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत तुझ्या लेकीचा, भिंगरीचा प्रवेशाचा फॉर्म बोर्डिंगच्या ऑफिसात पोचला पाहिजे, आणि त्याच्यासोबत एका माजी विद्यार्थिनीचं शिफारसपत्र हवं. आता तुझ्या घरात एक माजी विद्यार्थिनी आहेच, चांगली अर्धांगिनी म्हणून आहे, पण ती लिहायला साफ नाही म्हणते. म्हणून काल तू माझ्या हातात फॉर्म कोंबलास, ‘तुला काय वाटतं ते लिही’ एवढं बोललास आणि पसार झालास. (तुझ्या मानानं हे मोठं भाषण झालं.) म्हणजे पोरगी जाणार की नाही हे आता माझ्यावर आलं. शिवाय वहिनीचं म्हणणं असं की बोर्डिंगचं हे वेड भिंगरीच्या डोक्यात मीच भरवलं. अरे, भरवलं कसलं? मी आपली गोष्टी सांगत होते. ती अकरा वर्षांची पोर मांडी ठोकून बसते आणि ‘आत्या, अजून एक’ म्हणते, तेव्हा मी काय पाढे म्हणू?

तू विचारलंस म्हणून सांगते: पाठव! डोळे मिटून पाठव! काय दिवस होते रे! इतकी वर्षं झाली पण बोर्डिंग अंगातून गेलेलं नाही. मी अजून बारा मिनिटांत जेवते. अजून पलंगाखाली चपला टाचेला टाच लावून ठेवते. परवा आमच्या ग्रंथालयात आगीची घंटा तपासायला म्हणून वाजवली. सगळे लोक जिन्यानं खाली धावले, आमचे ग्रंथपाल तर एका हातात डबा आणि एका हातात छत्री घेऊन धावले, आणि मी कुठे होते? तर पाणी प्यायचा पेला हातात धरून भिंतीला चिकटून रांगेत उभी! घंटा म्हणजे चार वाजताचं दूध, हे माझ्या शरीरानं परस्पर ठरवून टाकलंय. तिथे एकटी रांगेत उभी राहून मी पुढच्या माणसाची वाट बघत होते. ग्रंथपालांनी दुसऱ्या दिवशी मला ‘तब्येत बरी आहे ना’ असं विचारलं.

पण खरी मजा नंबराची. ती तुला अर्धीच माहीत आहे, कारण तू तेव्हा घरी ट्रंकेचं एक टोक धरून उभा होतास आणि दुसऱ्या टोकाला काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. आठवतं ना, शाळेकडून यादी आली होती? चादरी दोन, टॉवेल तीन, मोजे सहा जोड, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना, की प्रत्येक वस्तूवर मुलीचा नंबर शिवलेला असावा. बाबांनी पत्र वाचून आईला नंबर सांगितला, अडुसष्ट. आईनं तीन आठवडे बसून चौऱ्याऐंशी वस्तूंवर लाल दोऱ्यानं साखळी टाका घालून अडुसष्ट शिवलं. पीटीच्या शर्टावर तर पाठभर. उरलेल्या दोऱ्यात तिनं माझ्या साबणाच्या पिशवीवरही शिवलं. आणि पत्रात होतं शहाऐंशी! बाबांचा तरी काय दोष? जन्मभर छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, ते उलटं वाचायची डोळ्यांना इतकी सवय की सरळ छापलेलं दिसलं तरी डोकं आपोआप ते फिरवून घ्यायचं. (घड्याळात पावणेदहा झाले असताना सव्वादोन म्हणून उठून बसलेले बाबा तुलाही आठवत असतील.)

झालं! मी ट्रंक घेऊन दाखल झाले, तर तिथे अडुसष्ट नंबरची एक मुलगी आधीच हजर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, एक हात उंच आणि अंगानं माझ्या अडीचपट. हीच तुझी बायको. मी त्या वेळी कशी होते तुला ठाऊक आहे, आगकाडीला फ्रॉक घातल्यासारखी. मेट्रनबाईंनी (छातीवर घड्याळ टाचलेलं, हसल्या तर घड्याळ बंद पडेल अशी भीती असल्यासारख्या) आम्हा दोघींना समोरासमोर उभं केलं, नोंदवही बघितली आणि हुकूम सोडला की धाकटीचे नंबर उसवा. त्यांनी स्वतः कात्री घेतली. पण आईचा टाका तो! पहिल्याच टॉवेलाचं कापड फाटून हातात आलं, नंबर जागच्या जागी. दुसऱ्या टॉवेलाचं तेच. तिसरा टॉवेल मी पोटाशी धरून उभी राहिले. शेवटी बाईंनी कात्री ठेवली आणि निकाल दिला, की ज्या मुलीच्या कपड्यावर जो नंबर तो त्या मुलीचा. नोंदवहीत बदल करा म्हटलं तर म्हणाल्या, नोंदवही शाईत आहे. त्या दिवसापासून मी धाकटी अडुसष्ट आणि ती थोरली अडुसष्ट.

आता दर बुधवारी काय व्हायचं ते ऐक! कपडेघरातून नंबराप्रमाणे गठ्ठे लागायचे. अडुसष्टचा गठ्ठा दुप्पट. घंटा झाली की दहा मिनिटांत कपडे बदलून मैदानावर. थोरली आधी पोचायची, हाताला लागेल ते घालायची, आणि मी पोचेपर्यंत जे उरलेलं असेल ते माझं. ती माझ्या शर्टात, बटणं प्राण कंठाशी आणून बसलेली. मी तिच्या फ्रॉकात, घोट्यापर्यंत, कमरेला पट्ट्याऐवजी बुटाची नाडी. एका कवायतीत तिचं एक बटण सुटलं ते थेट कवायतीच्या बाईंच्या शिट्टीवर आदळलं. शपथ! आम्हा दोघींना गबाळेपणाबद्दल मैदानाला चार फेऱ्या. फेऱ्या मारताना ती लांब टांगा टाकायची आणि मी फ्रॉक उचलून मागून पळायची, आणि आम्हाला इतकं हसू यायचं की तिसऱ्या फेरीला दोघी बसकण मारायच्या. मैत्री कशी झाली विचारशील तर अशी झाली.

आणि शहाऐंशी! अरे, ते राहिलंच! नोंदवही शाईत असल्यामुळे संध्याकाळच्या हजेरीला शहाऐंशी नंबर रोज पुकारला जायचा. रोज शांतता. मेट्रनबाई नुसत्या ‘पुढे’ म्हणायच्या. आम्हा मुलींना हे आयतंच सापडलं. काच कुणी फोडली? शहाऐंशीनं. फळ्यावर बदक कुणी काढलं? शहाऐंशीनं. पोटमाळ्यावर कोण चढलं होतं? तीच, दुसरं कोण! हळूहळू त्या मुलीला स्वभाव आला. ती धीट होती, उलट बोलायची, तिला गणित यायचं नाही. एकदा एका बारक्या मुलीनं शहाऐंशीनं माझी वेणी ओढली म्हणून खरोखर रडून घेतलं. वर्षाच्या शेवटी तर कहरच झाला. आजारखोलीत वर्षभर एकदाही न गेलेली मुलगी म्हणून बक्षीस जाहीर झालं शहाऐंशीला! सगळं सभागृह टाळ्या वाजवतंय आणि व्यासपीठावर कुणी जात नाही. कायद्यानं मीच जायला हवं होतं, पण मी त्या वर्षी गालगुंडानं दोनदा आत होते. (दोन्ही बाजूंचे, वेगवेगळ्या महिन्यांत.) ते कंपासपेटीचं बक्षीस अजून ऑफिसच्या कपाटात असेल, शुक्रवारी गेले की विचारणार आहे.

पण आता जे सांगते ते तू नीट बसून वाच. गिऱ्हाईक असलं तर त्याला अक्षरांच्या पाटीसमोर बसवून ठेव.

माझा तिसरा महिना संपत आला होता. मेट्रनबाई रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एक बदली बाई आल्या. नव्या, कडक, नियमाला पक्क्या. त्यांनी हजेरी बघितली तर शहाऐंशी नंबरची मुलगी पहिल्या दिवसापासून गैरहजर! त्यांनी कुणाला न विचारता नोंदवहीतल्या पत्त्यावर पत्र टाकलं, की आपली कन्या नव्वद दिवस वसतिगृहात दिसलेली नाही, तरी खुलासा करावा. पत्ता कुणाचा? बाबांचा. पत्र छापखान्यात गेलं. बाबांनी ते वाचलं (या वेळी सरळ वाचलं) आणि हातातली खिळ्यांची पट्टी तशीच टाकून, शाईच्या हातांनी, घरी आईला न सांगता बस पकडली. दोन तास उभ्यानं. तू त्या वेळी शाळेत होतास, तुला वाटलं बाबा कामावर आहेत. त्या दोन तासांत त्या माणसाच्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते मला आज लिहितानासुद्धा सहन होत नाही.

बुधवार, सकाळचे अकरा, मैदानावर कवायत. बाबा फाटकातून धावत आत आले. चष्मा घामानं आंधळा झालेला, तो काढून हातात. आणि समोर त्यांना काय दिसलं? एक पाठ. पाठीवर आईच्या हातचं, लाल दोऱ्यातलं, साखळी टाक्याचं अडुसष्ट. तो टाका त्यांनी शंभर फुटांवरून ओळखला. पाठ मात्र तीन महिन्यांत अडीचपट झालेली! बाबांनी मागचापुढचा विचार केला नाही. धावत जाऊन त्या पाठीला मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला लागले. आहेस ना गं, आहेस ना, केवढी वाढलीस, असं काहीबाही बोलत होते. सगळी कवायत थांबली. आणि थोरलीनं काय केलं? ओरडली नाही, सुटायला बघितलं नाही, मी तुमची मुलगी नाही असंही म्हणाली नाही. ती उभी राहिली. नीट जेवतेस ना, असं बाबांनी विचारलं तर हो म्हणाली. आईची आठवण येते का विचारलं तरी हो म्हणाली.

तिला आई नव्हती हे मला तोवर माहीत नव्हतं. वडील मालाच्या बोटीवर, वर्षातून एकदा किनाऱ्याला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे भेटीचा दिवस असायचा, आणि त्या दिवशी ही सकाळपासून पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडायची, पाणी द्यायची, चपला सरळ करायची. मला वाटायचं, काय कामसू मुलगी आहे! आपल्याकडे कुणी येत नाही हे लोकांना कळू नये म्हणून ती हात रिकामे ठेवत नसे. दादा, तुझी बायको आजही घरात पाहुणे आले की बसत नाही, बघितलंस कधी?

असो. मग तिनं हळूच बाबांचे हात सोडवले, चष्मा त्यांच्या हातातून घेतला, माझ्या(च) शर्टाच्या टोकानं पुसून त्यांच्या नाकावर ठेवला आणि म्हणाली, थांबा, तुमची मुलगी आणते. मला रांगेच्या टोकावरून हाताला धरून घेऊन गेली. वाटेत एवढंच बोलली की तुझे बाबा आलेत, छान आहेत. आणि मी बाबांच्या समोर उभी राहिले, तिच्या फ्रॉकात, घोट्यापर्यंत, कमरेला नाडी. बाबांनी चष्म्यातून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि अत्यंत प्रेमानं विचारलं, ‘बाळ, तू कुणाची?’

हसून हसून मेले मी! म्हणजे आता हसते, तेव्हा भोकाड पसरलं. पुढे सगळा उलगडा झाला, बदली बाई बाबांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या, बाबा त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले, कारण मुळात चूक त्यांची. त्यानंतर बाबा दर पहिल्या रविवारी यायचे. छापखाना रविवारी चालू असायचा, तरी यायचे, पाळी बदलून घेऊन. सहा वर्षांत दोनदा चुकले, दोन्ही वेळा तापानं. आणि आल्यावर फाटकात उभे राहून हाक मारायचे ती एकच, ‘अडुसष्ट!’ आम्ही दोघी धावायचो. आई डबे दोन पाठवायची. थोरलीनं त्यानंतर खुर्च्या मांडल्या नाहीत. पुढच्या सुट्टीत ती आपल्याकडे राहायला आली, आणि मग तू एका सुट्टीत तिच्या चष्म्याचा स्क्रू तीनदा घट्ट करून दिलास. (स्क्रू ढिला नव्हता. मी तपासला होता.)

तर सांग, अशा ठिकाणी पोरीला पाठवायचं नाही तर कुठे पाठवायचं? जिथे नंबर चुकला तर बहीण मिळते आणि भावाला बायको मिळते! भिंगरी हुशार आहे, बडबडी आहे, पडली तर उठून आधी फरशीला काय झालं ते बघते. तिचं तिथे सोनं होईल. तेव्हा मनात काही आणू नकोस. वहिनीला मी समजावते. तुझ्या पाठीला शेक घे.

तुझी आज्ञाधारक (ऐकते कधी ते विचारू नकोस) बहीण,
धाकटी अडुसष्ट

ता. क. : शिफारसपत्र या पाकिटात शोधू नकोस, ते लिहून झालेलं नाही. पाच वेळा बसले. ‘कुमारी अमुकअमुक हिला मी जन्मापासून ओळखते’ इथपर्यंत झरझर येते आणि मग शनिवार आठवतो. दर शनिवारी दोन वाजता ती येते, आल्या आल्या माझ्या कपाटाची किल्ली मागते आणि सहापर्यंत घर डोक्यावर घेते. ती गेली की शनिवार दुपारी मी कुणाला काय सांगत बसू? ग्रंथपालांना? आणखी एक. वर सगळं खरं लिहिलंय, फक्त एक गाळलंय. पहिले तीन महिने, म्हणजे बाबा येईपर्यंत, मी रोज मधल्या सुट्टीत कपाटात तोंड घालून टॉवेल तोंडात कोंबून रडत होते. भिंगरीला हे मी कधी सांगितलेलं नाही. पत्र फाडून टाक. नको पाठवूस तिला.

पुन्हा ता. क. : थांब, फाडू नकोस. आत्ता वहिनी आली होती. भांडायलाच आली होती, पदर खोचून. मी म्हटलं, आधी हे वाच, मग भांड. ती उभ्यानं वाचायला लागली आणि बटणाच्या जागी बसली. मग इतकी हसली की शेजारच्या काकू दार वाजवून बघून गेल्या. टॉवेलपाशी आल्यावर म्हणाली, अगं, म्हणून माझे टॉवेल ओले यायचे होय! मग मागचं, बाबांचं पान तिनं पुन्हा काढून फार सावकाश वाचलं. म्हणाली, बाबांनी हात लावला त्याच क्षणी मला कळलं होतं की हे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत, पण म्हटलं, असू दे थोडा वेळ. हे तिनं तुलाही कधी सांगितलेलं नाही, तेव्हा तू आता तिला त्यावर काही विचारू नकोस, फक्त ती पाहुण्यांत उभी असली की तिला बसायला सांग.

शेवटचा ता. क. : शिफारसपत्र झालं. मी नाही, वहिनीनं लिहिलं, माझ्याच टेबलावर बसून, एका दमात, खाडाखोड न करता. मी वाचलं आणि मला आणखी एक टॉवेल लागला. मग आम्ही दोघींनी बसून फॉर्म पुरा केला. जन्मतारीख, उंची, लसी, चष्म्याचा नंबर (मुलगी तुझी, नंबर मला पाठ), सगळं झालं. शेवटच्या पानावर आमच्या वेळी नव्हता असा एक नवा रकाना निघाला: ‘दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटीस येणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि सही’. मी म्हटलं, माझं घाल, नाहीतर तुझं घाल. वहिनीनं पेनाला टोपण लावलं. रविवारी तुझ्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते, चौदा वर्षांत तू ते एकदाही बंद ठेवलेलं नाहीस, हे आम्हाला दोघींनाही माहीत आहे. तेवढा रकाना कोरा आहे. मी शुक्रवारी सकाळी आठच्या बसनं निघणार. त्याआधी ये, आणि येताना तुझं पेन घेऊन ये.